बोळवणीचा धवला

सहदेव भोईरला लाज वाटली, पण उशिरा वाटली. ज्या दिवशी वाटायला हवी होती, त्या दिवशी तो रेडिओ केंद्रातल्या साहेबांच्या केबिनमध्ये बसून चहा पीत होता आणि स्वतःवर बेहद्द खूश होता.

खूश व्हायला कारणही होतं म्हणा. कळव्याच्या खाडीकाठच्या आगरी पाड्यावरचा हा मुलगा. बापानं जन्मभर मिठागरात मीठ ओढलं. आणि हा पठ्ठ्या मुंबईच्या रेडिओवर श्रुतिका लिहीत होता, म्हणजे नुसती कानांनी बघायची नाटकं. दर बुधवारी संध्याकाळी गावकऱ्यांच्या कार्यक्रमात त्याची पंधरा मिनिटांची मालिका लागायची, 'खाडीपल्याडची माणसं'. लिहायचा तोच, नटांना बसवायचा तोच, आणि होडीचं वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज हवा असेल तर स्टुडिओत बादलीत हात घालून बसायचा तोही तोच. नोकरी मात्र कंत्राटी. दर तीन महिन्यांनी नवा कागद. डोंबिवलीला चाळीत दोन खोल्या घेऊन, बायको शालूसह तो राहायचा, आणि निर्मात्याची कायमची जागा कधी निघते त्याच्याकडे डोळे लावून बसायचा.

पहिल्या वर्षी मालिकेचं काही खरं नव्हतं. साहेब एकदा श्रुतिकेचे कागद परत देत म्हणाले, "भोईर, तुमची माणसं राहतात खाडीपलीकडे आणि बोलतात मात्र सदाशिव पेठेत. असंच चालायचं असेल तर पुढच्या कराराचं मला सांगता येणार नाही."

वर्मी लागलं. कारण खरं होतं. शाळेत मास्तरांनी हातावर छड्या मारून जी भाषा त्याच्याकडून काढून घेतली होती, तीच आता रेडिओला हवी होती, आणि ती त्याच्याकडे उरली नव्हती. मग त्यानं दोनशे पानी वही विकत घेतली, रविवारी ठाण्याला उतरून खाडीचा पूल चालत ओलांडला आणि तो पाड्यावर ठमाबाईच्या ओसरीवर जाऊन बसला.

ठमाबाई त्याच्या बापाची चुलतबहीण. सहदेव दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, गणूला, हिनंच पदराखाली घेतलं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेलेला. पण पाड्यावर तिचा मान मोठा, कारण ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी आला तर आला, नाही आला तरी अडत नसे. धवलारणीवाचून मात्र पान हलत नसे. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून नवरीला वाटेला लावण्यापर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं, त्याला धवला म्हणायचं, आणि ते तिनं उभं राहून म्हटल्याशिवाय तो विधी झाला असं कोणी मानत नसे.

सहदेवनं वही काढलेली बघून ठमाबाईचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, भाचा आला म्हणून. ते तसं नव्हतं.

"बरा झाला आयलास," ती म्हणाली. "मी तुलाच सांगावा धारनार व्हती. सद्या, मी इसरायला लागलीय."

आणि मग तिनं त्याला जे सांगितलं ते दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी, वैशाखात, दामाजी पाटलाच्या मंजुळाचं लग्न झालं. सगळं नीट पार पडलं. शेवटी नवरी उंबऱ्यावर आली. तिथं बोळवणीचा धवला म्हणायचा असतो, आणि तो मोठ्यानं म्हणत नाहीत. धवलारीण नवरीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणते, बाहेर ताशे वाजत असतात आणि कोणाला काही ऐकू जात नाही. तो धवला म्हटला की लेक या घरची सुटते आणि त्या घरची होते. ठमाबाईनं मंजुळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तिला एक शब्द आठवेना. गाडी उभी, माणसं घाई करतायत. घाबरून तिनं हळदीचाच धवला पुन्हा म्हणून टाकला. मंजुळा रडत होती, तिच्या काही लक्षात आलं नाही.

"पोरीला मी सासरी तशीच धारली रं," ठमाबाई म्हणाली. "अर्धी सोरून." तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तू शिकलेला हायेस. लिवून घे. बावीस धवलं हायेत. माज्या आयनं मला दिलं, तिला तिच्या आयनं. माज्या पोटी पोरगी नाय. मी मेली का सगला माज्यासंगं जलल."

"लिहितो आते," सहदेव म्हणाला. मनापासून म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं, निदान त्या दिवशी.

त्यानंतर शिमग्यापर्यंत तो जवळजवळ दर रविवारी जात राहिला. ठमाबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून गायची. धवले लांबलचक, एकेक ओळ तीन तीनदा, प्रत्येक देवाचं नाव, प्रत्येक नात्याचं नाव. पण गाता गाता ती मध्येच थांबायची आणि शेजारणीच्या कोंबडीला शिव्या घालायची, कुठल्या लग्नात कोणती विहीण कशी रुसली ते सांगायची, हसायची, एखाद्याची अशी काही खोड काढायची की सहदेवची लेखणी धावायला लागायची. त्याला हवं होतं ते हेच. असली वाक्यं कुठं विकत मिळत नाहीत. ती तो घाईघाईनं उतरवून घ्यायचा. पुन्हा धवला सुरू झाला की त्याचा हात सैल पडायचा. गाणी काय, नंतर लिहिता येतील. ती कुठं पळून जाणार आहेत?

पण लेखणी थांबली तर आतेला वाईट वाटलं असतं. म्हणून ती गात असताना तो कागदावर नुसत्या रेघा ओढत राहायचा. नागमोडी, एकाखाली एक, लांबून अक्षरं दिसतील अशा. तिला वाचता येत नव्हतं. गाणं संपलं की ती जवळ येऊन वहीवरून हलकेच हात फिरवायची आणि म्हणायची, "बस झाला बाबा. ह्यो एक वाचला."

पौषातल्या एका रविवारी तर तो आला तेव्हा ती वाटेवरच उभी होती. बोळवणीचा धवला तिला पहाटे पाणी भरताना सगळाच्या सगळा आठवला होता. लहान पोरीसारखी तिची धांदल उडाली होती. "पयला ह्यो घे, पुन्ना जायल," म्हणत तिनं तो दोनदा म्हटला, सावकाश, त्याला नीट लिहिता यावं म्हणून. त्या दिवशी सहदेवच्या डोक्यात बुधवारचा भाग घोळत होता. त्यानं दोन्ही वेळा रेघा ओढल्या.

मालिका मात्र उभी राहिली. भागूमावशी नावाची एक धवलारीण त्यानं त्यात आणली आणि ऐकणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. बोलणं सगळं ठमाबाईचं. परळच्या गिरण्यांत, दादरच्या बिऱ्हाडांत भागूमावशीच्या नकला व्हायला लागल्या. पाड्यावर चावडीत सरकारनं बॅटरीवर चालणारा रेडिओ दिला होता. बुधवारी सगळा पाडा तिथं जमायचा आणि ठमाबाई पुढं, अगदी रेडिओच्या पायाशी बसायची. भागूमावशी म्हणजे कोण हे लहान पोरंही ओळखून होती. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट ती सांगत फिरायची, "माज्या सद्यानं मला रेडिओत बसवलाय."

आता इथं सहदेवनं थांबायला हवं होतं. पण निर्मात्याची जागा निघाल्याची बातमी आली, अर्ज गेले, आणि साहेब म्हणाले, दिवाळीच्या आठवड्यातला भाग असा करा की वरच्या मंडळींनी तो विसरता कामा नये. सहदेव आठ दिवस डोकं खाजवत बसला. मग त्यानं तो भाग लिहिला. भागूमावशी भर लग्नात बोळवणीचं गाणं विसरते आणि हळदीचंच पुन्हा म्हणते. नवरी गाडीत बसायला निघालीय आणि ही बया तिला परत हळद लावतेय. नवरा म्हणतो, मावशी, आता काय आंघोळ घालून नेऊ का हिला? लिहिताना तो स्वतःच हसला. एकदाच, क्षणभर, आतेचा पदरानं डोळे पुसणारा चेहरा त्याच्यासमोर आला. नाव बदललंय की, असं म्हणून त्यानं तो बाजूला सारला.

भाग झाला. काचेपलीकडे साहेब पोट धरून हसत होते. प्रक्षेपणाचा लाल दिवा विझल्यावर त्यांनी त्याला केबिनमध्ये नेऊन चहा पाजला आणि सांगितलं, "जागा तुमचीच समजा." हाच तो चहा.

चावडीत त्या वेळी काय झालं ते त्याला रविवारी कळलं, गणू डोंबिवलीला आला तेव्हा. गणू दारातच उभा राहिला, आत येईना. शालूनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यानं हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"सगली हसली," गणू म्हणाला. "मी पन हसलो. मग दामाजी पाटील उठला. म्हनतो, ठमे, आमच्या मंजुलाच्या टायमाला मी उंबऱ्याशी, अगदी तुज्या पाठीला उभा व्हतो. तू हलदीचाच म्हनत व्हतीस. मला तवाच वाटलेला, पन मी बोललो, आपल्याला काय कलतं? खरा का खोटा, बोल. आते खाली बघून बसली. मग कोन हसनार?"

"मंजुळा...?"

"तुला ठाव नाय? कसा ठाव असंल. ती चार महिने झालं माहेरी हाय. सासू बोलते, हिचा जीव आमच्या घरात लागतच नाय, दारात उभी राहून माहेरची वाट बघते. आता सगलं बोलतात, लागंल कसा? बोलवनच झाली नाय पोरीची. आतेला कोन लग्नाला बोलवत नाय. पान्याला गेली का बायका बाजूला होतात." गणूनं तांब्या खाली ठेवला. पाणी तसंच होतं. "आमच्या घरातली गोष्ट तू मुंबईला विकलीस रे. मला शाला शिकता आली नाय त्याचा आज पयल्यांदा बरा वाटला."

गणू गेला. सहदेवला शालूकडे बघवेना. चुलीपाशी जाऊन तो उगाच उभा राहिला. आपण काय केलंय हे त्याला आता पुरतं कळलं होतं, आणि अंगावरचा सदरासुद्धा नकोसा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पाड्यावर गेला, तो सरळ दामाजी पाटलाच्या अंगणात. पाच-सहा म्हातारी माणसं गोळा झाली. सहदेवनं वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "काका, ती गोष्ट मी मनानं रचली. रेडिओवर लोकांना हसवायला असलं काहीबाही लिहावं लागतं. आतेचा त्यात काही संबंध नाही. ती कधी काही विसरलेली नाही."

त्याचं खोटं चांगलं होतं. धंदाच होता तो त्याचा. दामाजीची मान हलायला लागली होती. तेवढ्यात कुंपणापाशी ठमाबाई दिसली. कोणीतरी तिला सांगितलं असावं. ती पार वाकली होती.

"खोटा नको बोलू, सद्या," ती म्हणाली. "धवल्यावर खोटा बोलू नये. पाटला, मी इसरली. तुज्या पोरीला मी तशीच धारली, आनि तोंड उघारलं नाय. ह्या पोरानं खरा तेच सांगितला."

सहदेवला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण ठमाबाईचं बोलणं संपलं नव्हतं. तिचा चेहरा उजळला होता.

"पन तो धवला गेला नाय, पाटला. मला आज तो याद नाय, पन पौषात आयलेला, तवा मी ह्याला दिला. ह्याच्या वहीत हाय. बावीसच्या बावीस हायेत. तुज्या हेमाचा लगीन हाय ना वैशाखात? मंजुलाला उंबऱ्यावर उभी कर. हा वाचंल, मी म्हनंन. तिची बोलवन पुरी होईल."

दामाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिला. हेमा त्याची धाकटी. मंजुळाचा सासरा तिच्या लग्नाला यायचाच होता. शेवटी तो म्हणाला, "व्याह्याला मी बोलतो. त्याला पटला तर पोरीला त्याच टायमाला घेऊन जाईल. पन आता कानात नाय हां, ठमे. मोठ्यानं, सगल्यांच्या म्होरं." आणि सहदेवकडे वळून, "वही जपून ठेवलीस ना रे?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आते बघत होती. हाच तो क्षण होता. तीन शब्द बोलायचे होते, वहीत काही नाही, एवढेच.

"हो," सहदेव म्हणाला.

व्याह्याला पटलं. हेमाच्या लग्नाची तारीख ठरली. मधल्या सहा महिन्यांत सहदेव निर्माता झाला, कागद आला, चाळीत पेढे वाटले गेले. प्रत्येक रविवारी तो ठरवायचा, आज जाऊन सांगून टाकू. आणि प्रत्येक रविवारी काही ना काही निघायचं. माणसाला टाळायचंच असलं की कामाला काय तोटा. एकदा तो खाडीच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरला. वही त्यानं किती वेळा चाळली असेल. एखादी ओळ, एखादा शब्द, चुकून? नागमोडी रेघा, पानंच्या पानं. एके ठिकाणी कोंबडीचं चित्र. बोळवणीच्या त्या पानावर आणखी एक गोष्ट होती: कोपऱ्यात त्यानं बुधवारच्या भागातल्या नटांची नावं लिहून ठेवली होती.

लग्नाच्या आदल्या रविवारी दुपारी तो गॅलरीत बसला आणि त्यानं बोळवणीचा धवला लिहिला.

मनानं. आठवत एवढंच होतं की त्यात घरचे देव होते, उंबरा होता. बाकी भाषा आता त्याच्या हातात मुरली होती. दोन वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं? दोन तासांत बारा ओळी झाल्या.

उठा उठा घरचे देवांनो, दिवा घ्या हाती,
लेक निंगाली सासऱ्याला, चला सांगाती.

शालू कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, "पुढचा भाग का?"

"हो," तो म्हणाला. आणि सगळ्यात वाईट हे की वाचून बघताना त्याला गाणं आवडलं. तिसऱ्या ओळीवर त्याचेच डोळे पाणावले. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. तरी त्यानं ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं, आणि शाई जुनी दिसावी म्हणून पान थोडा वेळ उन्हात धरलं.

हेमाचं लग्न लागलं. तिचा नवरा घरजावई, तिची बोळवण नव्हती; मंजुळासाठी दामाजीनं ताशे थांबवले. मंजुळा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, हिरवं लुगडं, मान खाली. अंगणात तिचा नवरा आणि सासरा. सगळा पाडा मांडवात दाटला होता. ठमाबाई मंजुळाच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि सहदेव वही उघडून तिच्या मागं. तो एक ओळ हळू वाचायचा, ती तीच ओळ चालीवर मोठ्यानं म्हणायची. चाल तिची होती, आपोआप येत होती. शब्द त्यावर बेमालूम बसले. धंदाच तो.

दोन ओळी झाल्या. दगडाबाई नावाची एक म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "असाच व्हता गो, असाच. माज्या टायमाला मी ऐकलेला." सहदेवला तेही ऐकू आलं. तीन झाल्या, चार झाल्या.

पाचवी ओळ त्यानं वाचली आणि ठमाबाईनं ती उचलली नाही. ती समोर बघत होती, पण मांडवाकडे नाही. तिच्या ओठांतून वेगळंच काही बाहेर पडलं, हळू, जवळजवळ कुजबुजून, मंजुळाच्या कानाशी म्हणावं तसं:

देव नाय येत गो बाय, देव ऱ्हातीन घरा,
मीठ बांध पदराला, तोच तुजा आसरा...

मीठ. मिठागरवाल्यांची लेक घर सोडताना देव घेऊन जात नव्हती, पदरात मीठ बांधून जात होती. सहदेवच्या बाराच्या बारा ओळींत मिठाचा खडाही नव्हता. मिठागरात जन्मलेल्या माणसाच्या.

ठमाबाईनं मान वळवली. आधी वहीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला वाचता येत नव्हतं, पण आता वाचायची गरज उरली नव्हती. सहदेवनं नजर चुकवली नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगता येईल. चुकवायची ताकदच नव्हती.

मांडवात चुळबुळ झाली. दामाजी पुढं आला. "काय झाला? पुन्ना इसरली का काय?"

गणू मागच्या रांगेत टाचा उंचावून बघत होता. मंजुळाचा सासरा बघत होता. ठमाबाईनं एकदा त्या पोरीच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं, आणि एकदा सहदेवकडे. तो पुतळ्यासारखा उभा होता. लहानपणी काही फोडलं की असाच उभा राहायचा, आणि तीच पुढं होऊन म्हणायची, माज्या हातून फुटला.

"इसरली नाय," ती म्हणाली. "घसा सुकला. वाच, सद्या, म्होरं वाच."

त्यानं वाचलं. तिनं म्हटलं. आठ ओळी, खणखणीत आवाजात, एक शब्द न चुकता. संपल्यावर ताशे असे कडाडले की पोरं कानांवर हात ठेवून पळाली. मंजुळा सासऱ्याच्या पाया पडली, नवऱ्यामागून गाडीत बसली आणि या वेळी तिनं मागं वळून बघितलं नाही. बायका म्हणाल्या, बघितलंत, गुण आला. दामाजीनं सगळ्यांसमोर ठमाबाईला लुगडं दिलं आणि सहदेवच्या पाठीवर थाप मारली.

घरामागं पाण्याच्या पिंपापाशी ती एकटी पाय धूत होती. सहदेव तिथं गेला.

"वहीत नव्हता ना काय?" तिनं वर न बघता विचारलं.

"नाय, आते."

"एकपन?"

"एकपन नाय."

"मग येवरा येल वहीवर हात हालवत व्हतास, तां काय?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचीही त्याला लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क त्याचा नव्हता. घाईघाईनं त्यानं खिशातून पेन काढलं. "आते, आता आठवलाय ना तुला? सांग. आत्ता लिहितो. तुझ्यादेखत लिहितो, वाचून दाखवतो. बाकीचे पण सांग, जेवढे असतील तेवढे."

ठमाबाईनं पायांवर आणखी एक तांब्या ओतला.

"कुनासाठी? मंजुला गेली." तिचा आवाज चढला नव्हता. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "पयल्या टायमाला मी इसरली म्हनून पोरीला तशीच धारली. ती चूक व्हती. आज मला सगला याद व्हता, आनि मी तिला तशीच धारली. तुजी पत राहावी म्हनून. ह्ये पाप हाय, सद्या, आनि ह्ये माजा हाय. तुज्यावर नाय घालनार. पन धवलारीन म्हनून मी आता उभी राहनार नाय. ज्या तोंडानं जानूनबुजून खोटा म्हटला, त्या तोंडानं कुनाच्या पोरीला हलद लावायची?"

पाय पुसून ती आत गेली. नवं लुगडं पिंपाच्या झाकणावरच राहिलं होतं. तो ते उचलून तिच्या मागं जायला निघाला, तोच दामाजीनं त्याला गाठलं.

"हितं काय करतोस? सगलं खोलंबलंत." त्यानं सहदेवचा दंड धरून त्याला मांडवात नेलं. पंगत बसली होती, पानं वाढून तयार होती, आणि पहिल्या पाटावर, नव्या व्याह्याच्या शेजारी, रेडिओच्या साहेबासाठी मानाची जागा राखून ठेवली होती. सगळे त्याच्यासाठी हात आखडून थांबले होते. ठमाबाई पलीकडे बायकांच्या पंगतीत भात वाढत होती. तिनं एकदा इकडे बघितलं आणि त्याला बस म्हणून हातानं खूण केली.

सहदेव बसला, आणि पानात वाढलं ते सगळं जेवला.